मांसाचा व्यापार म्हणे!

"सावधान! मुंबईत कॅन्सर पेशंटच्या मांसाचा व्यापार!" हा मेसेज सध्या चिपळूण-गुहागरकडच्या ग्रुपांवर फिरतोय. आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो टाकला एका शिकल्यासवरल्या चाकरमान्याने, आणि वाचला माझ्या आत्याने. मशेरी लावून लावून तिच्या गालात आतून गाठ झालीय. ऑपरेशनची तारीख मिळालीय आणि आता ती म्हणते, "मी नाय जायची." म्हणून हे लिहितोय, नाहीतर असल्या मेसेजच्या नादी कोण लागतं.

मेसेजचं म्हणणं असं: टिश्यू बँकेला (ऑपरेशनमध्ये निघालेले तुकडे संशोधनासाठी जपून ठेवतात ती जागा) माल हवा म्हणून डॉक्टर गाठीबरोबर चांगलं मांसही कापतात. ते परदेशात विकतात. संशोधनाच्या संमतीच्या कागदावर सही दिली नाही तर ऑपरेशन करत नाहीत. अमेरिकेत एका बाईला असंच लुटलं. या संशोधनाचा आपल्याला उपयोग शून्य. तेव्हा काढलेला तुकडा घरी मागून घ्या.

यातला सगळ्यात विषारी मुद्दा चांगल्या मांसाचा. हो, कापतात. कापलंच पाहिजे! तोंडाच्या कॅन्सरमध्ये गाठीभोवतीचा साधारण 1 सेंटिमीटर निरोगी दिसणारा भागही काढतात, कारण डोळ्यांना गाठ जिथे संपलेली दिसते तिथे रोग संपलेला असेलच असं नाही. मग तो अख्खा तुकडा पॅथॉलॉजीत जातो. तिथे कडांना शाई लावतात, चकत्या पाडतात आणि शाई लावलेली कड रोगापासून किती लांब आहे ते मायक्रोस्कोपखाली मोजतात. 5 मिलिमीटर किंवा जास्त अंतर मिळालं तर कड मोकळी धरतात. कमी निघालं तर पुढच्या उपचारांचं गणित बदलतं. रिपोर्टला लागेल तेवढं घेऊन झाल्यावर, उरलेल्यातला वाटाण्याएवढा भाग बँकेच्या कुपीत आणि तिथून उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये जातो. गाठीपासून लांबचा निरोगी कण किंवा थोडं रक्तही ठेवतात, नाहीतर बिघाड कशाशी ताडून बघणार? म्हणजे बँकेला मिळतं ते उरलेलं. बँकेसाठी कोणी जास्त गाल कापत नाही. उलट तो मेसेज वाचून आत्याने "माझं चांगलं मांस कापू नका" असा हट्ट धरला, तर कडेला रोग राहील. मेसेज लिहिणारा तेव्हा येणार आहे का?

विक्रीचं आणि सहीचं. आयसीएमआरची, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात बायोबँकेवर, म्हणजे अशा नमुन्यांच्या बँकांवर, वेगळं प्रकरणच आहे. नमुन्याचा मालक पेशंट, बँक फक्त राखणदार. दिलेली संमती नंतर मागेही घेता येते. आणि संशोधनाला नकार दिला म्हणून उपचार अडवता येत नाहीत. तेव्हा आत्याने त्या कागदावर खुशाल सही करू नये, पण ऑपरेशन करून घ्यावं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशी नमुने जातच नाहीत असं नाही, पण परदेशी संस्थेबरोबरच्या संशोधनाला सरकारी छाननी समितीची मंजुरी लागते आणि नमुने पाठवायला करार लागतो.

एक मात्र कबूल करावं लागेल. सासऱ्यांच्या वेळी एका हॉस्पिटलात (नाव राहू दे) ॲडमिशनच्या गठ्ठ्यातच तो कागद होता, इंग्रजीत, आणि वॉर्डबॉय बोट दाखवत होता, "इथे, इथे आणि इथे." याला संमती म्हणत नाहीत. मराठी फॉर्म मागा, समजावून सांगायला लावा.

अमेरिकेतल्या बाईची गोष्टही खरी आहे. हेन्रिएटा लॅक्स. 1951 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या, त्यावर पुढे कंपन्यांनी पैसे कमावले, आणि एका कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली ती थेट 2023 मध्ये. अन्यायच तो. पण आज समोर संमतीचा कागद ठेवतात तो असल्याच प्रकारांमुळे, आणि मेसेजवाला त्याच कागदाची भीती घालतोय!

"आपल्याला उपयोग शून्य" म्हणणाऱ्याला एवढंच सांगतो: तंबाखूने गालाला-हिरडीला होणारा कॅन्सर हे आपल्याकडचंच दुखणं. त्यात कोणती जनुकं बिघडतात हे भारतीय शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये मांडलं, त्यात खारघरचं ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्रही होतं. अभ्यास झाला तो इथल्याच पेशंटनी दिलेल्या गाठींवर.

राहिला तुकडा घरी आणायचा मुद्दा. फॉर्मॅलिनमधलं (मांस टिकवायच्या रसायनातलं) मांस घरी आणून करणार काय? मागायचंच असेल तर रत्नागिरीत झालेल्या बायोप्सीच्या स्लाइड्स आणि ब्लॉक मागा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा कण, मुंबईत दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला तोच लागतो. फाइलबरोबर हातातल्या पिशवीत ठेवा, उन्हात तापलेल्या गाडीत विसरू नका. मेण आहे ते.