एकाच वाघासमोर तासभर
परवा सगळे मिळून प्राणीसंग्रहालयात गेलो होतो, आम्ही दोघं, दोन्ही पोरं आणि आई. लेकीच्या गळ्यात माझा जुना कॅमेरा आणि धाकट्याकडे बाबाचा मोबाईल. घरून निघतानाच ठरवलेलं की तीन-चारच प्राणी बघायचे पण नीट बघायचे, आणि गेट उघडतं तेव्हाच आत जायचं, कारण ऊन चढलं की बरेच प्राणी सावलीत आडवे होतात, सिंह तर दिवसातले वीस-वीस तासही पडून राहू शकतो, आणि मग त्यांना उठवायला लोक ओरडायला लागतात.

हे ओरडणं मला खरंच सहन होत नाही. काचेवर टकटक, शिट्ट्या, वर फ्लॅश. अहो काचेवर फ्लॅश मारला तर फोटोत पांढरा गोळा येतो, बाकी काही नाही, आणि घुबडासारख्या रात्री फिरणाऱ्या प्राण्याचे डोळे अंधुक उजेडासाठीच बनलेले असतात, त्यांच्यावर तो झोत कशाला? फ्लॅश बंद करा, लेन्स अलगद काचेला टेकवा, आपलं प्रतिबिंब येत नाही. जाळी असेल तर कठड्याच्या अलीकडूनच झूम पूर्ण करायचा, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, होईल तेवढं उघडायचं आणि प्राणी जाळीपासून मागे जाईपर्यंत थांबायचं, फोटोत जाळी विरघळून जाते. लेकीला हे सगळं दोन मिनिटांत जमलं, थांबायला शिकायला मात्र अर्धा तास लागला.

आईने विचारलं, अगं पण एवढे फोटो काढून करायचं काय? मी तिला क्वागाबद्दल सांगितलं. झेब्र्याचाच प्रकार, दक्षिण आफ्रिकेतला, पुढून पट्टे आणि मागून नुसता तपकिरी. माणसाने शिकार करून संपवला, शेवटची मादी १८८३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणीसंग्रहालयात मेली. जिवंत क्वागाचे म्हणून जे फोटो आज आहेत ते सगळे एकाच मादीचे, लंडनच्या प्राणीसंग्रहालयात १८६३ ते १८७० च्या दरम्यान काढलेले. आई जरा वेळ काही बोलली नाही, मग धाकट्याला म्हणाली, दे रे बाळा मोबाईल जरा.

वाघाकडे तासभर थांबलो. दोन होते, एक झोपलेला, एक फिरणारा. कुठल्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात हे कळल्यापासून धाकटा दोघांचे गाल मोबाईलवर मोठे करून फरक शोधत बसला. लेक फिरणाऱ्याच्या मागे. थोड्या वेळाने म्हणाली, आई, तो दर वेळी त्याच दगडापाशी वळतो बघ. मग तिने फोकस त्या दगडावरच लावून ठेवला, शटर १/५०० वर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागात फोटो, वाघ वळला की क्लिक. सहा फोटो, सहाही शार्प, डोळे अगदी लख्ख. मी केवढी खूश झाले! ती नाही झाली. म्हणाली, पण तो तिथेच का वळतो?

मी खरं ते सांगितलं. जंगलात वाघाचा इलाखा कित्येक चौरस किलोमीटरचा असतो, बंद जागेत करायला काही उरलं नाही की काही प्राणी अशा त्याच त्या येरझाऱ्या घालायला लागतात, कधी खाणं यायची वेळ झाली म्हणूनही घालतात. प्राणीसंग्रहालयं बंद करा असं मी म्हणत नाहीये. अरबी ओरिक्स, वाळवंटातलं लांब शिंगांचं हरणासारखं जनावर, १९७२ मध्ये मोकळ्या रानातून संपला होता, तो प्राणीसंग्रहालयांत वाढवलेल्या कळपांमुळेच १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात परत सोडता आला. पण आपण जे फोटो टाकतो त्यात वाघ कायम राजा दिसतो आणि तो दगड कुणालाच दिसत नाही. तो दिसायला एका जागी उभं राहावं लागतं, म्हणून सांगतेय, चाळीस प्राण्यांमागे पळू नका, पोरांना एकासमोर थांबू द्या.

निघायच्या आधी लेकीने अजून एक फोटो काढला. त्यात वाघ नाहीये. गवत आहे, आणि गवतातून त्या दगडापर्यंत गेलेली, पायांनी घासून घासून मातीची झालेली पट्टी. घरी आल्यावर तिने बाबाला पहिला तोच दाखवला.