‘युरोपात बायकांना वाचनबंदी होती’? चित्रं तसं सांगत नाहीत

‘जुन्या युरोपात बायकांना वाचायला बंदी होती. चित्रांत त्यांच्या हातात दिसणारी पुस्तकं नुसती शोभेची. वाचणारी बाई पहिल्यांदा रंगवली ती एकोणिसाव्या शतकातल्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी (फ्रान्समधल्या नव्या शैलीच्या गटाने).’ अशा अर्थाचा मजकूर सतत फिरत असतो. यातलं एकही विधान टिकत नाही.

बंदीपासून सुरुवात करू. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या १५४३ च्या कायद्याने सामान्य घरांतल्या बायकांना इंग्रजी बायबल वाचायला मनाई केली होती, हे खरं. पण ती त्या एका ग्रंथापुरती होती, खालच्या थरातल्या पुरुषांनाही लागू होती आणि १५४७ मध्ये उठली. स्वीडनमध्ये तर १६८६ च्या चर्च कायद्याने मोलकरणींनीसुद्धा वाचायला शिकावं अशी अपेक्षा घातली.

‘शोभेची पुस्तकं’ हे मात्र मला फार खटकतं. चित्राकडे नीट न बघता केलेलं विधान आहे हे. इटालियन चित्रकार सिमोने मार्तिनीच्या १३३३ च्या चित्रात देवदूत येतो तेव्हा येशूची आई मरिया वाचत बसलेली आहे. ती दचकून अंग चोरते, तरी वाचत होती तिथे अंगठा घालून ठेवलेला! शोभेच्या पुस्तकात कोण खूण ठेवतं? मरियेची आई संत अ‍ॅना लहानग्या मरियेला वाचायला शिकवते आहे, हा विषयही चौदाव्या शतकापासून रंगवला जात होता. आईने मुलीला अक्षरओळख करून देणं लोकांना परकं वाटत नव्हतं, म्हणूनच ना?

बाईच्या वाचनाची भीती होती, आणि ती खरी होती. पण ती कशाची? प्रार्थनेचं पुस्तक घेतलेली बाई आदर्श; तिने एकटीने कादंबरी उघडली की ती बिघडली. अठराव्या शतकात जर्मनीत या ‘वाचनवेडा’वर कडाडून टीका झाली. १८५३ मध्ये बेल्जियमचा चित्रकार अंतोआन वीर्ट्झ याने पलंगावर विवस्त्र पडून कादंबरी वाचणारी बाई रंगवली. कडेला लपलेला सैतान तिच्याकडे आणखी पुस्तकं सरकवतो आहे. बायकांना वाचताच येत नसतं, तर हे चित्र काढायची गरजच पडली नसती. सरसकट बंदीची गोष्ट सांगताना, बाईने काय वाचावं यावरचा हा पहारा नजरेआड होतो, आणि तोच तर जास्त काळ टिकला.

राहिले इम्प्रेशनिस्ट. मार्तिनीनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी आलेले चित्रकार पहिले कसे? त्यांच्यातल्याच मेरी कॅसटने १८७८ मध्ये आपल्या आईला चष्मा लावून ‘ल फिगारो’ हे दैनिक वाचताना रंगवलं. तिथे नवी गोष्ट होती ती आईच्या हातातलं वर्तमानपत्र.