अनिवासी जावई

जावई सासरी महिनोन्‌महिने मुक्काम ठोकून राहिला तर आमच्या देवगडात त्याला घरजावई म्हणतात. बँकेच्या भाषेत तो अनिवासी असतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

आमचा जावई जर्मन. लेक इथली कलमांची बाग बघते, म्हणून गेल्या नोव्हेंबरात तोही आला. परदेशी पाहुणा घरी उतरला की यजमानाने २४ तासांत ठरलेला फॉर्म भरून कळवायचं असतं. बायको दारात भाकरतुकडा ओवाळत होती आणि मी आत त्याच्या पासपोर्टचा नंबर टाईप करत होतो. पुढे १४ दिवसांच्या आत ओरोसला पोलीस अधीक्षक कार्यालयात नोंदणी. तीही झाली. हे सगळं सुरळीत पार पडल्यामुळेच आम्ही बेसावध राहिलो.

खातं हवं होतं मासळीमुळे. हल्ली बाजारात कोळणीच्या टोपलीलाही क्यूआर कोड लटकतो आणि हा पाचशेची नोट काढून सुट्ट्यांची वाट बघत उभा. तोवर सुरमई दुसऱ्याच्या पिशवीत.

पहिल्या दिवशी बँकेत लिंक नव्हती. दुसऱ्या दिवशी साहेब नव्हते. तिसरा दिवस चौथा शनिवार निघाला. चौथ्या खेपेला कळलं की पॅन कार्ड लागेल, आणि परदेशी माणसाचा अर्ज वेगळा. भरला. महिन्याने कार्ड आलं आणि खरा घोळ सुरू झाला.

जावयाच्या आडनावात एक यू आहे, त्याच्या डोक्यावर दोन टिंबं. पासपोर्टवर टिंबं आहेत. त्याच पासपोर्टच्या तळाशी मशीनसाठी ज्या दोन ओळी असतात, तिथे टिंबं चालत नाहीत, म्हणून यूच्या पुढे ई लावलाय. व्हिसावरही ई. पॅनवर ना टिंबं, ना ई. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट उजेडात धरला आणि नखाने टिंबं खरवडून बघितली.

“माशी बसली काय हो हेच्यार?”

जावई ताठ झाला. त्याच्या मते ती टिंबं म्हणजे त्याचे आजोबा-पणजोबा. शेवटी तिन्ही आडनावांचा माणूस एकच, असं स्टँपपेपरवर लिहून नोटरीचा शिक्का आणला.

आजोबांवरून आठवलं. पत्त्याचा पुरावा म्हणून मी वीजबिल पुढे केलं. बिल माझ्या आजोबांच्या नावाचं. आजोबा १९८७ साली वारले. पण नाव बदलायचं तर सगळ्या चुलत्यांच्या सह्या हव्यात, आणि आमचे चुलते गणपतीत एका पंगतीला बसतील, एका कागदावर बसणार नाहीत.

बाई म्हणाल्या, “मग आजोबांका घेवन येवा. एक सही व्हयी.”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. अखेर ओरोसच्या नोंदणीच्या कागदावरचा पत्ता चालला.

मग साहेबांनी पासपोर्टवरचा शिक्का बघून बोटांवर दिवस मोजले. गेल्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा जास्त मुक्काम हवा. जावई ५ नोव्हेंबरला आलेला, ३१ मार्चपर्यंत भरले १४७.

“निवासी धरता येणार नाही. एनआरओ उघडूया. नॉन रेसिडेंट ऑर्डिनरी.”

“१४७ दिवस दोन्ही वेळ मी वाढतंय,” बायको म्हणाली, “आणि ह्यो अनिवासी? वर ऑर्डिनरी?”

व्याजावर ३० टक्के कर आणि वर सेस कापला जाईल, हेही साहेबांनी सांगितलं, पण तिचं लक्ष नव्हतं. ऑर्डिनरी हा शब्द तिला फार लागला होता. मला मात्र आजोबांचं कौतुक वाटत होतं. १९८७ साली गेलेला माणूस दर महिन्याला बिल येण्याइतका पक्का निवासी, आणि पडवीत बसून तिसरी वाटी सोलकढी पिणारा अनिवासी.

पासबुक मिळालं त्या दिवशी जावयाने आधी नाव बघितलं. यू बोडका. तो काही बोलला नाही, पण चेहरा असा झाला की बाईंनाच राहवलं नाही. त्यांनी पासबुक परत ओढलं, टेबलाला दोरीने बांधलेलं बॉलपेन घेतलं आणि यूवर दोन टिंबं दिली.

“घेवा. तुमचे माशये.”

जावयाने पासबुक डोळ्यांजवळ नेलं, बराच वेळ बघितलं.

“डावं जरा मोठं झालंय,” तो म्हणाला.