पुण्याची कोंडी पदपथांमुळे होत नाही

‘पदपथ रुंद करून रस्ते अरुंद केले, बीआरटीने, म्हणजे बसच्या राखीव मार्गिकांनी, शहराची वाट लावली. पुण्याला उड्डाणपूल आणि पार्किंग हवं. नव्या इमारती मात्र बंद करा.’ अशा आशयाचा मजकूर सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोरात फिरतोय. तो पटणाऱ्यांचा त्रास खरा आहे, पण मागणी चुकीची आहे.

आधी उड्डाणपूल. विद्यापीठ चौकातला पूल कोंडी सुटावी म्हणूनच बांधला होता. पंधरा वर्षंही झाली नाहीत तोच 2020 मध्ये तो पाडावा लागला. मेट्रोच्या आड येत होता हे खरं, पण तो उभा होता तेव्हा चौकातली कोंडी कुठे संपली होती? रस्ता मोकळा दिसला की आणखी लोक गाडी काढतात आणि पूल उतरला की पुढच्या सिग्नलला सगळे पुन्हा एकत्र येतात.

पदपथांविषयीचा आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केला, झाडं राखली, बाक ठेवले. आज तिथे म्हातारी माणसं निवांत बसलेली दिसतात, लहान मुलं आईबापांचा हात सोडून चालतात. आता कुठल्याही उपनगरातला पदपथ बघा. सोसायटीचं गेट आलं की तुटतो, पुढे विजेचा डीपी, मग उखडलेले पेव्हर ब्लॉक, आणि सिग्नल चुकवायला वर चढलेली दुचाकी मागून हॉर्न देते. गुडघे दुखणारी आजी शेवटी खाली उतरून गाड्यांना खेटून चालते. ‘पुणेकर चालतच नाहीत’ म्हणायचं, तर आधी त्यांना चालायला जागा तरी द्या!

बीआरटी फसली म्हणतात. कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्ग 2006 मध्ये सुरू झाला, पण बसला सलग, मोकळी मार्गिका कधी मिळालीच नाही. खासगी गाड्या घुसत राहिल्या. अर्धवट केलेल्या कामाचा दोष बसच्या माथी का?

राहिला इमारतींचा मुद्दा. बांधकाम थांबवलं म्हणून नोकरीसाठी येणारी माणसं थांबत नाहीत. परवडत नाही म्हणून ती वाघोलीच्याही पलीकडे घर घेतात आणि तिथून रोज दुचाकीवर शहराच्या दुसऱ्या टोकाची, आयटी कंपन्यांची हिंजवडी गाठतात. गाडी रस्त्यावर येतेच, उलट जास्त किलोमीटर धावते. म्हणून मेट्रो स्थानकांभोवती जादा एफएसआय, म्हणजे तेवढ्याच जागेवर जास्त बांधकामाची परवानगी, देणं मला योग्य वाटतं. मात्र तिथेच चार बेडरूमचे फ्लॅट आणि खाली तीन मजले पार्किंग बांधलं, तर मेट्रोत बसणार कोण? तिथे वन आरके, वन बीएचके हवेत, पगारदाराला झेपतील अशा भाड्याचे, आणि त्यांच्या दारापासून स्थानकापर्यंत न तुटणारा पदपथ.