कडकपणा कोणासाठी, कृपा कोणासाठी?

आपल्या भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, गेल्या काही वर्षांत प्रभुभोजनापासून (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीपासून) कोणाकोणाला दूर ठेवलं, ते जरा मनाशी आठवून पाहा. मी यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यांबद्दल बोलतोय, शहरातल्या मोठ्या चर्चचं तिथल्यांनी सांगावं. मला आठवतात ती माणसं अशी: मंडळीबाहेर लग्न केलेली पोरगी, दारू पिणारा सालदार, नवऱ्याचा मार सहन न होऊन माहेरी परत आलेली बाई. आणि ज्याच्या हाती मंडळीचे पैसे आहेत, पण ज्याचा हिशोब वार्षिक सभेत कधी धड वाचलाच जात नाही, त्याचा विषय निघाला की सगळ्यांना एकदम वचन आठवतं. ‘न्याय करणारे आपण कोण, भाऊ?’

दया आणि न्याय यांचा तोल कसा राखावा यावर पाळकांच्या, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या धर्मसेवकांच्या, सभांत पुष्कळ बोललं जातं. माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे दोन्ही भरपूर आहेत, फक्त पत्ते उलटे पडलेत. न्याय खालच्या बाकावर जातो आणि दया वेदीजवळच्या खुर्चीवर.

शुभवर्तमानात हे नेमकं उलट आहे. योहानाच्या ८व्या अध्यायातली, व्यभिचारात धरलेली बाई सगळ्यांना पाठ आहे. पण मोशेच्या नियमशास्त्रातलं लेवीय २०:१० उघडून पाहा, तिथं शिक्षा दोघांनाही सांगितली आहे, आणि येशूपुढे आणली एकटी बाई. (गावची पंचायत तेव्हाही अशीच होती म्हणायची.) येशू तिचं पाप नाकारत नाही, पुन्हा करू नको असं स्पष्ट सांगतो, पण दगड खाली ठेवायला लावतो. तोच येशू मत्तय २३ मध्ये शास्त्री-परुश्यांना, म्हणजे मोशेच्या आसनावर बसणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना, अख्खा अध्यायभर सोडत नाही. ज्याच्या हातात अधिकार, त्याच्याशी भाषा कडक.

बायबलातल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा ५वा अध्यायही असाच अर्धा वाचला जातो. दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय वडिलांवरचा (मंडळीच्या पुढाऱ्यांवरचा) आरोप दाखल करून घेऊ नको, हे १९वं वचन कमिटीतल्या प्रत्येकाच्या तोंडावर असतं. २०वं कोणी काढत नाही. जे पाप करतात त्यांना सगळ्यांसमोर दोष दे, म्हणजे बाकीच्यांनाही धाक बसेल, असं तिथं आहे, आणि ते वडिलांच्याच विषयाला लागून आहे.

दुसरी ढाल म्हणजे मत्तय १३ मधली, येशूनं सांगितलेली निदणाची (तणाची) गोष्ट. गहू आणि निदण कापणीपर्यंत बरोबर वाढू द्या, म्हणून कोणाला काही बोलू नका! कापसाच्या पट्ट्यातले आपण लोक, वेळेवर निंदण झालं नाही तर पऱ्हाटीचं काय होतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण शेतीचं राहू द्या, येशूनं स्वतःच उलगडून सांगितलंय की शेत म्हणजे जग. मंडळीत काय करायचं ते त्यानं पाच अध्याय पुढे, मत्तय १८ मध्ये सांगितलं: आधी एकट्यानं एकट्याला गाठ, मग एक-दोघांना घेऊन जा, सर्वांत शेवटी मंडळीला सांग. आमच्याकडे आधी पानठेल्यावर कळतं, मग उपदेशातून टोमणा बसतो, आणि ज्याच्याबद्दल चाललंय त्याच्या कानावर ते सगळ्यांत शेवटी जातं.

आता मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट. आपल्याकडे शिक्षा सुरू होते, संपत नाही. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला एका माणसाबद्दल फार कडक लिहिलं होतं. दुसऱ्या पत्रात तो कोणा एकाबद्दल म्हणतो, बहुमतानं दिलेली शिक्षा पुरे झाली, आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. हा तोच माणूस की दुसरा यावर अभ्यासकांत वाद आहे, पण शिक्षेला शेवट असतो हे तर वादाच्या पलीकडचं आहे. माझ्या ओळखीचा एक जण दारू सुटून कितीतरी वर्षं झाली तरी मागच्या बाकावरून प्रभुभोजनाआधी उठून जातो. पाळकसाहेब म्हणतात, त्यानं येऊन विचारावं. तो म्हणतो, ‘मले कोनं बोलावलंच नाही, मंग मी कसा जाऊ?’ नाव कमी केल्याचं भर उपासनेत वाचलं होतं. परत घेतल्याचं वाचायला मात्र कोणाला रविवार सापडत नाही.

मग चूक वरच्यानं केली तर? तिसऱ्या शतकात मंडळीपुढे हा प्रश्न आला होता. सम्राट डेसियसच्या छळात, साधारण २५० साली, कित्येक ख्रिस्ती लोकांनी जीव वाचवायला मूर्तीपुढे बळी अर्पण केले. छळ ओसरल्यावर ते परत आले. रोमचा धर्मगुरू नोव्हाशियन याचं म्हणणं, यांना दार बंद. कार्थेजचा बिशप सिप्रियन मधल्या वाटेनं गेला: पश्चात्ताप करा, वेळ द्या, मग परत या. पण बिशपनंच असा बळी अर्पण केला असेल तर त्याला परत घ्यायचं ते साधा सभासद म्हणून. क्षमा मिळेल, खुर्ची नाही. एवढा साधा फरक आपल्या कमिट्यांना अजून जमत नाही. खुर्ची सोडायला सांगितली की म्हणतात, ‘तुमच्यात प्रेमच नाही.’

आणि गुन्हा असेल तर तो मंडळीचा विषयच राहत नाही. लेकराशी गैरवर्तन झाल्याचं कळलं, की २०१२च्या पॉक्सो (बाललैंगिक अत्याचारविरोधी) कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथं ‘घरातली गोष्ट घरात’ म्हणणारा पाळक दयाळू नाही. तसंच ‘त्याच्या घरच्या लग्नाला, मयतीला कोणी जायचं नाही’ असा फतवा काढणाऱ्यांनी राज्याचा २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा वाचावा. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. प्रभुभोजनापुरता निर्णय मंडळीचा. गावात कोणी कोणाशी बोलायचं, हा नाही.

खेड्यातल्या पाळकाची अडचण मला कळते. पगार तुटपुंजा, तो ज्यांच्या हातातून येतो त्यांनाच जाब विचारायचा. कुठल्याही मोठ्या चर्चसंस्थेला न जोडलेल्या स्वतंत्र संगतीत तर पाळक, कमिटी, खजिनदार सगळं एकच माणूस, त्याला कोण विचारणार? म्हणून येत्या वार्षिक सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. कोणावर कारवाई झाली तर तिचा फेरविचार सहा महिन्यांत, तोही पाळकानं आपणहून त्या घरी जाऊन. आणि हिशोब बाहेरच्या माणसाकडून तपासून उपासनेनंतर सर्वांसमोर वाचायचा. अनुमोदनाला एक जण हवा आहे. विरोध असेल तर इथंच लिहा, फोन करून समजावू नका.