कवट्यांचं माप आणि घोडबंदरचा फ्लॅट

ठाण्यात घोडबंदर रोडवरचा आमचा फ्लॅट आईने एका नायजेरियन विद्यार्थ्याला भाड्याने द्यायचं ठरवलं. टोकन घेतलं, व्हिसा, कॉलेजचं पत्र, सगळं पाहिलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मात्र एक जण म्हणाले, "त्या लोकांचं रक्तच तसलं." त्यांना कुणी हटकलं नाही, हे आईला जास्त लागलं. फोनवर तिचा आवाज कापत होता.

मी बर्लिनमध्ये राहते. इथल्या दाहलेम भागात एक जुनी इमारत आहे. १९२७ साली तिथे मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था सुरू झाली. संचालक ऑइगेन फिशर. नामिबियातल्या मिश्र वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास करून मिश्रविवाहांना विरोध करणारा हा माणूस. आपल्या इरावती कर्वे त्याच्याच हाताखाली पीएचडीला आल्या. युरोपियनांच्या कवटीची उजवी बाजू मोठी, म्हणून त्यांची बुद्धीही वरचढ, असं फिशरचं गृहीतक. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांतल्या कितीतरी आफ्रिकेतल्या वसाहतीतून आणलेल्या, कुणाकुणाच्या आईबापांच्या. आणि लिहून टाकलं, की या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. पंचविशीतली मुलगी, परकी भाषा, पदवी मार्गदर्शकाच्या हातात! पुढे याच संस्थेत आउशवित्झच्या नाझी छळछावणीतून माणसांचे अवयव तपासणीसाठी येत. आता दाराशी तशी पाटी आहे. ती वाचताना दर वेळी माझा घसा दाटतो.

भारतात परतल्यावरही कर्वेबाई माणसांच्या शरीराची मापं घेत राहिल्या. ते मला पूर्ण पटत नाही. पण त्या मोजण्यातूनच त्यांनी दाखवलं, की चित्पावन आणि देशस्थ दोघेही ब्राह्मण म्हणवतात म्हणून एका मुळाचे ठरत नाहीत. कुंभारांचंही तेच. नाव एक, गट वेगवेगळे. 'रक्त' म्हणून आपण जे छातीठोक सांगतो, त्याला त्यांनी पट्टी लावून पाहिली होती. मीटिंगमधल्या कुणी काय मोजलं होतं?

इथे घर शोधताना माझ्या आडनावाच्या ईमेलना उत्तरं येत नव्हती. जर्मन मैत्रिणीने तिच्या नावाने त्याच जाहिरातीला लिहिलं, तर संध्याकाळी घर बघायला बोलावणं आलं. त्या संध्याकाळी मला ठाणं आठवलं होतं, आपल्या माणसांचं म्हणून. म्हणूनच आईचा फोन इतका झोंबला.

आईने टोकन परत केलेलं नाही. रविवारी पुन्हा मीटिंग आहे. मी व्हिडिओ कॉलवर असेन, आणि बोलेन.