लंगरातला सैनिक आणि चार वर्षांचा हिशेब

अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावच्या वृत्तपत्रात शोकवार्तांचं पान उघडलं, की एका ठरावीक घडणीचा माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. तरुणपणी लष्करात किंवा नौदलात स्वयंपाकी, बाहेर पडल्यावर हॉटेलात, इस्पितळात नाहीतर शाळेत शेफ, चर्चच्या स्वयंपाकघराचा कारभारी, बायको, मुलं, नातवंडं. सैन्यातली वर्षं आणि रविवारच्या प्रार्थनेनंतर त्याने लोकांना वाढलेलं जेवण, दोन्ही एकाच परिच्छेदात, सारख्याच मानाने लिहिलेलं असतं.

आपल्याकडची निधनवार्ता 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे' इथे थांबते. माणूस फौजेत होता हे येतं, हुद्दा येतो. पण तो तिथे वीस वर्षं दोन्ही वेळ शंभर जणांचं जेवण रांधत होता, हे येत नाही. घरचे लोकही 'आर्मीत होते' एवढंच सांगतात. 'कुक होते' म्हणताना जीभ अडखळते. हे मला मनापासून खटकतं.

हा विषय आत्ता काढायचं कारण अग्निपथ, चार वर्षांसाठी सैनिक भरती करणारी आपली योजना. तिच्यातून आलेल्या सैनिकांच्या, म्हणजे अग्निवीरांच्या, पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला सुरू झालं, म्हणजे त्यांची चार वर्षं २०२६ सरता सरता आणि २०२७ उजाडताना भरतात. गावच्या पारापासून टीव्हीपर्यंत जिथे जिथे या योजनेवर वाद होतो, तिथे एक वाक्य हमखास येतं: 'अमेरिकेतही सैनिक चारच वर्षांसाठी भरती होतो.' वाक्य खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं कळायला शौर्यपदकवाल्याकडे बघू नये. स्वयंपाक्याकडे बघावं. देश आपल्या सैनिकाला कसं वागवतो ते त्याच्यावरून लवकर कळतं.

आधी त्याचं काम. शंभर माणसांची डाळ म्हणजे चार माणसांच्या डाळीची पंचवीसपट नव्हे, हे ज्याने मोठ्या टोपात डाळ शिजवली आहे त्याला ठाऊक असतं. लहान पातेल्यातलं पाणी भराभर उडतं. मोठ्या टोपात पाण्याच्या मानाने उघडा भाग कमी, म्हणून त्या प्रमाणात पाणीही कमी उडतं. पंचवीसपट पाणी ओतलं की डाळ आमटीपेक्षाही पातळ होते. म्हणून हिशेबाच्या पाऊण पाण्यावर सुरुवात करायची आणि बाजूच्या चुलीवर आधण उकळत ठेवून लागेल तसं वाढवायचं. तिखट, लवंग, हिंग आधी दोन तृतीयांशच घालायचं, मग चव बघून पुढे. ताप फक्त खालून मिळतो आणि दाट डाळ आपणहून वरखाली फिरत नाही, त्यामुळे ती बुडाला लागते. एकदा लागली की झाऱ्याने खरवडायची नाही, वरची डाळ अलगद दुसऱ्या टोपात काढायची. खरवडली तर करपट वास शंभर ताटांत जातो.

अमेरिकी सैन्यदलांच्या पाककृतींचा एक सामाईक संच आहे आणि त्यातलं माप १०० जणांचं असतं. त्या मापाबरोबर तापमानाची शिस्त येते. गरम अन्न वाढून होईपर्यंत ५७ अंश सेल्सिअसच्या खाली येऊ द्यायचं नाही. उरलेलं ठेवायचं असेल तर ते ५७ वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत आणायचं. खोल टोपात झाकून ठेवलेला भात या वेळेत थंड होतच नाही. मध्यभागी तो तासन्‌तास कोमट राहतो, शिजताना न मेलेले जिवाणूंचे बीजाणू तिथे जागे होतात, आणि त्यांनी सोडलेलं विष भात पुन्हा गरम केला तरी जात नाही. उपाय साधा आहे: उथळ ट्रेमध्ये पाचेक सेंटीमीटरचा थर पसरायचा आणि वाफ निघून जाईपर्यंत झाकायचा नाही. एका जवानाचा पाय मुरगळला तर एक माणूस कमी होतो. लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, एवढी एक चूक झाली तर अख्खी कंपनी आडवी होते.

आपल्या लंगरवाल्याचं काम तर याहून अवघड, कारण त्याच्या वाट्याला उंची येते. समुद्रसपाटीपासून ५,००० मीटरवर पाणी साधारण ८३ अंशांनाच उकळतं. ते कितीही खळखळलं तरी त्याहून तापत नाही, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास दडदडीतच राहते. प्रेशर कुकर हेच तिथलं खरं भांडं. त्याची रबरी रिंग थंडीने कडक झाली, नाहीतर शिट्टीच्या भोकात डाळीचं साल अडकलं, की त्या चौकीवरचं जेवण रखडतं. हे काम करणाऱ्यालाही आधी रायफल चालवायला शिकवलेलं असतं. वेळ आली की तोही आघाडीवर उभा राहतो.

आता चार वर्षांचा हिशेब. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवा निधीत जातात आणि सरकार तेवढेच घालतं. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये करमुक्त हातात येतात. जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं औषधपाणी नाही, लष्करी कॅन्टीनची सोय नाही. सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे 'माजी सैनिक' हा दर्जाही नाही.

अमेरिकेत चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्यालाही पेन्शन मिळत नाही, हे अग्निपथच्या समर्थकांचं म्हणणं बरोबर आहे. तिथे मासिक पेन्शनला २० वर्षं लागतात आणि बहुतेक सैनिक तिथवर पोहोचत नाहीत. आपल्याकडे नियमित भरतीच्या जवानाला १५ वर्षांवर पेन्शन मिळते, या बाबतीत आपली जुनी पद्धत अमेरिकेपेक्षा उदार आहे. २०१८ पासून अमेरिकेतल्या नव्या सैनिकाच्या निवृत्ती खात्यात सरकार पगाराच्या ५ टक्क्यांपर्यंत भर घालतं आणि दोन वर्षं पुरी झाली की ती रक्कम त्याची होते. सेवा निधीची तुलना फार तर याच्याशी होईल.

पण कायम राहायचं की नाही याला तिथे २५ टक्क्यांची भिंत नाही. काम चांगलं, तब्येत चांगली आणि जागा असली तर करार पुढे वाढतो. शिवाय सन्मानाने बाहेर पडणारा चार वर्षांचा स्वयंपाकी त्याच दिवसापासून 'व्हेटरन', म्हणजे माजी सैनिक, असतो आणि मरेपर्यंत, मेल्यावरही, व्हेटरनच राहतो. त्याला ३६ महिन्यांच्या शिक्षणाचा खर्च मिळतो, सरकारी विद्यापीठात राज्यातल्या विद्यार्थ्याची पूर्ण फी आणि वर घरभाड्यासाठी पैसे. घरासाठी सुरुवातीची रक्कम न भरता कर्जाची हमी मिळते. नोकरीत असतानाच पाककलेचं व्यावसायिक प्रमाणपत्र काढायचं असेल तर परीक्षेची फी सैन्य भरतं.

या शेवटच्या गोष्टीचं मोल समजायला १९४४ मध्ये जावं लागेल. त्या वर्षी २२ जूनला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जी.आय. बिलावर, म्हणजे परतणाऱ्या सैनिकांना शिक्षण आणि घरकर्जासाठी मदत देणाऱ्या कायद्यावर, सही केली. दोनच वर्षांत कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन इथे युद्धावरून परतलेल्या सैनिकांना स्वयंपाकाचा धंदा शिकवणारी शाळा निघाली. तीच आज कलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका म्हणून ओळखली जाते. १९७० च्या दशकात ती न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कला, जेझुइट पाद्र्यांच्या जुन्या विद्यालयाच्या वास्तूत गेली, आणि तिथल्या प्रार्थनागृहात आता विद्यार्थी जेवायला बसतात. देशातली सर्वांत नावाजलेली पाकशाळा सैनिकांसाठी निघाली आणि प्रार्थनेच्या जागेत वाढली. शोकवार्तेतल्या त्या माणसाची सगळी घडण या एका इमारतीत दिसते.

आपल्याकडे अग्निवीरासाठी काहीच नाही असं म्हणणं चुकीचं ठरेल. दहावीवाल्याला बारावीच्या प्रमाणपत्राची सोय आहे. इग्नूच्या पदवीत निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. निमलष्करी दलांत आरक्षण जाहीर झालं आहे. पण लंगरात चार वर्षं काढलेल्या पोराला यातलं नेमकं काय उपयोगी पडेल? त्याच्या हातात शंभर माणसांचं जेवण वेळेवर, स्वच्छ आणि मोजून रांधण्याचं कसब आहे. पुण्या-मुंबईतल्या कारखान्यांची कॅन्टीनं, इस्पितळं, वसतिगृहं याच कसबाच्या माणसाच्या शोधात असतात. तरीही पंधरा-वीस वर्षं नोकरी केलेला फौजी कुक निवृत्तीनंतर सोसायटीच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसलेला दिसतो, कारण 'एक्स-आर्मी' म्हटलं की आपल्याला बंदूकच आठवते. त्याचं काम प्रमाणपत्रात नीट लिहून, हॉटेल व्यवसायाला समजेल अशा श्रेणीत बसवून देणं फार खर्चाचं नाही. अग्निपथवरच्या वादात मी ही मागणी सर्वांत वर ठेवीन, पेन्शनच्याही वर, कारण ही उद्या सकाळी पुरी करता येण्यासारखी आहे.

अमेरिकेचं कौतुक करताना डोळे उघडे ठेवायला हवेत. या देशाने कृष्णवर्णीय खलाशांना बरीच वर्षं फक्त मेसमध्येच काम दिलं. डोरिस मिलर त्यातलाच. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा तो 'वेस्ट व्हर्जिनिया' या युद्धनौकेवर मेस अटेंडंट होता आणि धुवायचे कपडे गोळा करत होता. त्याने जखमींना हलवलं, आणि जी मशीनगन चालवायचं शिक्षण त्याला कधीच दिलं नव्हतं ती जपानी विमानांवर चालवली. मे १९४२ मध्ये अ‍ॅडमिरल निमिट्झ यांनी त्याच्या छातीवर नेव्ही क्रॉस हे नौदलाचं शौर्यपदक लावलं. नोव्हेंबर १९४३ मध्ये 'लिस्कम बे' या जहाजाबरोबर तो बुडाला, तेव्हाही तो स्वयंपाकीच होता. त्याचं नाव विमानवाहू नौकेला द्यायचं २०२० मध्ये जाहीर झालं. एवढा उशीर हाही तिथल्या हिशेबाचाच भाग आहे. जी.आय. बिलाचे पैसे वाटणाऱ्या स्थानिक कचेऱ्यांनी आणि बँकांनीही त्या काळी कित्येक कृष्णवर्णीय सैनिकांना दारातूनच परत पाठवलं होतं.

मृत्यूनंतरचा मान मात्र अमेरिकेत कायद्याने बांधलेला आहे. १ जानेवारी २००० पासून पात्र व्हेटरनच्या कुटुंबाने मागणी केली, की गणवेशातले किमान दोन सैनिक अंत्यविधीला येतात, त्यातला एक मृताच्याच दलाचा. ते ध्वजाची घडी घालून तो देतात आणि बिगुलावर २४ स्वरांची 'टॅप्स' वाजते. तिथे हुद्दा बघत नाहीत, काम तर नाहीच नाही.

शवपेटीवरचा ध्वज ५ फूट रुंद आणि साडेनऊ फूट लांब असतो. दोघं तो कमरेएवढ्या उंचीवर ताणून धरतात. लांबीत एकदा दुमडतात, पुन्हा एकदा दुमडतात, की पंधरा इंचांची पट्टी होते. मग ध्वजावरच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या टोकाकडून त्रिकोणी घड्या सुरू होतात, एकूण तेरा. पहिला त्रिकोण अर्ध्या इंचाने जरी तिरपा पडला, तरी तो तिरपेपणा प्रत्येक घडीबरोबर वाढतो आणि शेवटी निळ्या त्रिकोणाच्या कडेला लाल रेघ डोकावते. लाल दिसता कामा नये. दिसलं तर उलगडून पुन्हा घालायची, सगळे बघत उभे असले तरी. नंतर सैनिक गुडघा टेकून तो त्रिकोण पत्नीच्या किंवा मुलाच्या हाती देतो आणि राष्ट्राच्या वतीने आभार मानतो.

राष्ट्रीय दफनभूमीत जागा आणि शिळा मोफत मिळते, पत्नीलाही तिथेच जागा मिळते. शिळेवर श्रद्धेचं चिन्ह कुटुंब निवडतं: क्रूस, चंद्रकोर, ॐ, यांतलं जे असेल ते. श्रद्धेचा प्रश्न तिथे तेवढ्यावर मिटतो. आपल्या फौजेतही तो असाच मिटलेला आहे. पलटणीत पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री हुद्द्यावर नेमलेले असतात आणि लंगरात सगळ्यांचं एकाच चुलीवर शिजतं. गावच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी हजार पानांचा महाप्रसाद ज्या निवृत्त फौजी आचाऱ्याच्या भरवशावर उठतो, तो आणि चर्चच्या भटारखान्यातला तो व्हेटरन एकाच जातकुळीचे.

अमेरिकेतही अडचण येते ती कागदाची. डीडी-२१४ हा सेवामुक्तीचा दाखला सापडला नाही तर सगळं अडतं. सेंट लुईसच्या अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि १ कोटी ६० लाखांहून जास्त सैनिकांच्या फायली गेल्या. तेव्हापासून जुन्या सैनिकांच्या घरी दाखल्याची प्रत जपून ठेवायला सांगतात.

आपल्याकडे आग न लागताही तेच होतं, आणि महाराष्ट्रात त्याचं एक खास कारण आहे. लग्नात मुलीचं नाव बदलतं. पलटणीच्या नोंदीत एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत 'उर्फ' लावून तिसरं. नवरा गेल्यावर कुटुंबनिवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाते, आणि आपणच ती बायको हे तिला सिद्ध करत बसावं लागतं. तो जिवंत असतानाच डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि आधार शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षर न्‌ अक्षर ताडून बघावी. फरक निघाला तर त्याच्या स्वतःच्या सहीने रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा. तो असताना हे एका अर्जाचं काम असतं. तो गेल्यावर प्रतिज्ञापत्रं, साक्षीदार आणि हेलपाटे.

त्याच डिस्चार्ज बुकात हुद्द्याबरोबर त्याच्या ट्रेडची, म्हणजे कामाचीही नोंद असते. ज्याच्या ट्रेडपुढे कुक किंवा शेफ लिहिलेलं असेल, त्याच्या निधनवार्तेत ते तसंच छापा, हुद्द्याच्या शेजारी.